न ऐकण्याचा हक्क

ग्वाल्हेरचे नाव निघाले की मराठी रसिकाचा हात आपसूक कानाच्या पाळीला जातो. तानसेनाची समाधी इथे आहे. भातखंड्यांच्या पुढाकाराने १९१८ साली सुरू झालेले माधव संगीत विद्यालय इथलेच. कृष्णराव शंकर पंडितांनी १९८९ पर्यंतचे दीर्घ आयुष्य इथेच गाण्याला वाहिले. २०२३ मध्ये युनेस्कोनेही या शहराला संगीतनगरी म्हणून मान दिला. अशा या नगरीतल्या थाटीपुरात राहणारा, हायस्कुलाची मुख्याध्यापकी करणारा मी आज एक तक्रार मांडतो आहे : इथे आता संगीतापासून कान वाचवण्यासाठी दारे-खिडक्या लावून बसावे लागते!

सीमाभागातल्या वाचकांना बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर सांगायला नकोत. गुरूच्या शोधात बुवा मुलूखभर फिरले, ग्वाल्हेरच्या वासुदेवबुवा जोशींची सेवा केली, आणि मग ही गायकी दक्षिणेत नेली. गाणे हवे असेल तर माणसाने गाण्याकडे जायचे, ही त्या काळची रीत होती. आज गाणेच आपल्या घरात घुसते, आणि तेही न विचारता.

देवउठनी एकादशी झाली की लग्नसराई सुरू. मॅरेज गार्डनमधला डीजे, रस्त्यावरची वरात, त्यामागे जनरेटरची गाडी. इकडे दहावी-बारावीची मुले बोर्डाच्या परीक्षेचा अभ्यास करीत असतात. खिडकी लावा म्हणे! पण ढोलाचा तो खर्जातला दणका खिडकीला जुमानत नाही. पन्नास हर्ट्झच्या ध्वनीची एक लाट जवळजवळ सात मीटर लांब असते. ती भिंतीतून येते आणि थेट छातीत धडधडते.

कायदा नाही असे नव्हे. मध्य प्रदेशात कोलाहल नियंत्रण अधिनियम १९८५ पासून आहे. केंद्राचे ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० सालचे. निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा. शाळा-रुग्णालयांभोवती १०० मीटरपर्यंत शांतता क्षेत्र. रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर ध्वनिक्षेपक बंद. डिसेंबर २०२३ मध्ये नव्या मुख्यमंत्र्यांनी पदभार घेताच पहिला आदेश काढला, तोही याच विषयावर. आता शाळेतले गणित सांगतो. शंभर डेसिबल म्हणजे पंचावन्नच्या दुप्पट नव्हे. दर दहा डेसिबलला तीव्रता दसपट होते. म्हणजे ही वाढ तीस हजार पटींहून अधिक!

यावर ठरलेली उत्तरे मिळतात. 'एकाच दिवसाचा तर प्रश्न!' यजमानाचा एक दिवस, पण मॅरेज गार्डनशेजारी राहणाऱ्याचा अख्खा हंगाम. 'ही आपली परंपरा.' सनई-चौघडा परंपरा असेल. ट्रकवर रचलेली ध्वनिक्षेपकांची भिंत ही कोणत्या स्मृतीत सांगितली आहे? 'मग त्यांच्या भोंग्यांचे काय?' त्यांनाही तोच नियम, तीच मर्यादा, तेच दहा वाजता. डेसिबलला धर्म नसतो. दुसऱ्याने मोडला म्हणून मीही मोडीन, हे उत्तर सातवीच्या मुलाने दिले तर आपण त्याला बाकावर उभे करतो.

आणि हा केवळ कटकटीचा विषय आहे असे ज्यांना वाटते, त्यांनी १८ जुलै २००५ चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल वाचावा. आमच्या शेजारच्या गुण्याचे सुपुत्र न्या. रमेशचंद्र लाहोटी तेव्हा सरन्यायाधीश होते. त्या याचिकेला निमित्त झाली तेरा वर्षांची एक मुलगी. तिच्यावर अत्याचार होत असताना तिने मदतीसाठी फोडलेल्या किंकाळ्या शेजारी लागलेल्या ध्वनिक्षेपकावरच्या गाण्यांत कुणालाच ऐकू आल्या नाहीत. त्याच संध्याकाळी तिने स्वतःला जाळून घेतले. न्यायालयाने स्पष्ट केले की बोलण्याच्या स्वातंत्र्यात दुसऱ्याला ऐकायला भाग पाडण्याचा हक्क बसत नाही. निकालाला वीस वर्षे होऊन गेली. शेजारच्या घरातली हाक आज तरी आपल्याला ऐकू येईल काय?

पोलिसांना दोष देणे सोपे आहे. पण तक्रार करायला जावे तर ती शेजाऱ्याविरुद्ध, मुलीच्या लग्नाच्या दिवशी. म्हणून जो तो गप्प बसतो. यावर आदेशाने भागणार नाही, सुरुवात आपल्या घरापासून व्हायला हवी. ग्वाल्हेरात गणेशोत्सव रुजवला तो मराठी माणसांनी, तेव्हा पहिला मान आपला. आपल्या मंडळाचा ध्वनिक्षेपक मंडपाच्या आत वळवा. आपल्या लग्नाच्या वरातीत डीजे नको, असे बोलणी करतानाच ठरवा. पत्रिकेत आहेराविषयी सूचना छापतो, तशी 'वाद्ये दहाला बंद' ही ओळही छापा. आणि ज्या घरात बारावीचे पोर किंवा अंथरुणाला खिळलेला म्हातारा आहे, त्या घरी आधी विचारून या.

गाण्याची खरी कदर त्यालाच असते, जो न ऐकणाऱ्याचा मान राखतो. शांतता पुसून टाकली तर षड्ज लावायचा कशावर?