काचेच्या टाकीतला मासा कोणासाठी मरतो?

गेल्या पौर्णिमेला विहारात वंदना झाल्यावर पिरंगुटकडची एक भगिनी मागे थांबली. तिची मुलगी बी.एस्सी. झाली आणि मुळशी तालुक्यातल्याच एका प्रयोगशाळेत कामाला लागली. पहिला पगार आला, वस्तीत पेढे वाटले. मग घरात कळले की मुलगी माशांवर रसायनांची चाचणी करते. भगिनी म्हणाली, "भाऊ, पोरगी सकाळी पंचशील म्हणते आणि दिवसभर मेलेले मासे मोजते. हे जमायचं कसं?"

प्रश्न एका घरातला असला तरी उत्तर आपल्या सगळ्यांच्या कामाचे आहे. म्हणून या वेळी तोच घेतला.

आधी चाचणी समजून घेऊ. कीटकनाशके, रंग, थिनर, औषधे यांतले बहुतेक पदार्थ सेंद्रिय रसायने असतात. इथे 'सेंद्रिय' म्हणजे शेणखताची शेती नव्हे. कार्बनपासून बनलेला पदार्थ, एवढाच अर्थ. असे रसायन पावसाच्या पाण्याबरोबर ओढ्यात गेले तर काय होईल, हे आधी काचेच्या टाकीत पाहतात. मासे बहुधा बोटाच्या पेराएवढे, अंगावर निळसर पट्टे असलेले झेब्रा मासे असतात. हा मासा मूळचा आपल्याच उपखंडातला.

किमान पाच टाक्यांत रसायन कमी-अधिक प्रमाणात मिसळतात आणि एका टाकीत नुसते स्वच्छ पाणी ठेवतात. त्या साध्या पाण्यातले मासे मरू लागले तर चाचणीच बाद. आदल्या दिवसापासून माशांना खायला देत नाहीत. पाण्यातला प्राणवायू आणि तापमान तपासत राहतात. २४, ४८, ७२ आणि ९६ तासांनी किती मेले ते मोजतात. मासा कलंडतो का, वर येऊन श्वास घेतो का, याचीही नोंद होते. चार दिवसांत ज्या प्रमाणाला निम्मे मासे मरतात, तो आकडा म्हणजे त्या रसायनाचा विषारीपणा. आकडा जितका लहान, तितके विष जहाल. लिटरमागे एक मिलिग्रॅम किंवा त्याहून कमी आला, तर ते रसायन सर्वांत घातक वर्गात जाते.

सायपरमेथ्रिनसारख्या कीटकनाशकाचा आकडा तर मिलिग्रॅमच्या हजाराव्या हिश्शात मोजावा लागतो. माणसाच्या शरीरात हे औषध लवकर मोडते, माशाच्या शरीरात फार सावकाश. कीटकनाशकाच्या डब्यावरचा लाल, पिवळा, निळा किंवा हिरवा त्रिकोण माणसाचा धोका सांगतो, माशाचा नाही. म्हणून फवारणीचा पंप ओढ्यात धुऊ नये. पहिल्या पावसात आपली मुले वलगणीचे मासे धरायला त्याच ओढ्यावर जातात.

कारखान्याच्या सांडपाण्यालाही हीच कसोटी आहे. पर्यावरण संरक्षण कायदा १९८६ खालच्या नियमांत म्हटले आहे की, सांडपाण्यात दुसरे पाणी न मिसळता मासे ठेवले तर ९६ तासांनी शंभरातले नव्वद जगले पाहिजेत. मुळशीतली मुळा पुण्यात मुठेला मिळते, पुढे भीमेत जाते आणि उजनीच्या धरणात पोचते. वर सोडलेले खाली कोणाच्या तरी हंड्यात आणि जाळ्यात येतेच.

आता पहिल्या शीलाचे. 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात बाबासाहेबांनी हत्येची गरज आणि हत्येची इच्छा यांत फरक केला आहे. त्या मुलीच्या मनात इच्छा नाही, हे तिची आई जाणते. पण गरज आहे का? माझे उत्तर असे: चाचणीचा आकडा पाहून कोणी विष रोखणार असेल, तर गरज आहे. आकडा फाइलीत बांधून ठेवायचा आणि नाला रात्री सोडायचा असेल, तर तो मासा फुकट मेला. त्याचे पाप टाकीजवळ उभ्या असलेल्या पगारी मुलीचे नव्हे, कागद दडवणाऱ्याचे.

हा कागद किती मोलाचा असतो, हे मुळशीने फार मोठी किंमत देऊन पाहिले आहे. ७ जून २०२१ रोजी उरवडे इथल्या रासायनिक कारखान्याला आग लागली. १७ कामगार गेले. त्यांत १५ महिला होत्या. पाणी शुद्ध करण्याचे रसायन तिथे तयार होत होते. प्रत्येक धोकादायक रसायनाबरोबर एक सुरक्षा माहितीपत्रक असते. त्याचे १६ भाग असतात. माशांचा आकडा बाराव्या भागात असतो. पण त्याच कागदाच्या चौथ्या भागात प्रथमोपचार, पाचव्यात आग लागली तर काय करावे आणि आठव्यात हातमोजे, मास्क कोणते, हे असते. भोपाळनंतर १९८७ साली कारखाना कायद्यात दुरुस्ती झाली आणि धोक्याची माहिती कामगारांना व आसपासच्या लोकांना देणे मालकावर बंधनकारक झाले. माशाचा मृत्यू ज्या कागदावर चार वेळा मोजून लिहिला जातो, तो कागद पिंप उचलणाऱ्या बाईला कधी दाखवला का? आपल्या घरातले कोणी अशा ठिकाणी कामाला असेल, तर आज जेवताना हे विचारा. पिंपावर लाल कडांच्या चौकटीत मेलेला मासा आणि वाळलेले झाड दिसले, तर ते पाण्याला घातक असल्याची ती खूण आहे. सांडपाण्याचा अहवाल प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे माहिती अधिकारात मागता येतो. ज्या समाजाने १९२७ साली चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले, त्याने पाण्यात काय सोडले जाते हेही विचारले पाहिजे.

त्या भगिनीला मी म्हटले, "ताई, पोरीला नोकरी सोडायला सांगू नका. नोंद खरी ठेवायला सांगा. जिवंत माशाऐवजी माशाच्या अंड्यातल्या गर्भावर चाचणी करण्याची पद्धत २०१३ मध्ये आणि कल्ल्याच्या पेशींवर करण्याची २०२१ मध्ये मान्य झाली आहे. ती तिने शिकून घ्यावी. करुणेला विज्ञानाची जोड मिळाली की मासाही वाचेल आणि माणूसही."

जयभीम!