बाळाशी कोण बोलणार?

मूल बोलायला कसे शिकते, या प्रश्नाचे उत्तर आपण फार सहजपणे देतो. घरात चार माणसे बोलत असतात, मूल ते ऐकते आणि ऐकता ऐकता बोलू लागते, अशी आपली समजूत असते. हे उत्तर अर्धेच खरे आहे. केवळ कानांवर शब्द पडल्याने भाषा येत असती, तर दिवसभर दूरचित्रवाणीसमोर बसवलेले मूल सर्वांत आधी बोलले असते. प्रत्यक्षात मूल भाषा शिकते ती त्याच्याशी बोलणाऱ्या आणि त्याच्या उत्तराची वाट पाहणाऱ्या माणसाकडून.

हरियाणातील मानेसर हे दिल्ली–जयपूर महामार्गालगतचे गाव आज मोटारींच्या कारखान्यांमुळे ओळखले जाते. याच मानेसरात राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्रही आहे. मेंदू भाषा कशी हाताळतो, याचा अभ्यास तेथे झालेला आहे. वाचताना अडखळणाऱ्या मुलांसाठी या केंद्राने ज्या चाचण्या तयार केल्या, त्यांत हिंदी, कन्नड आणि इंग्रजीबरोबर मराठीचाही समावेश आहे. कारखान्यांभोवतीच्या वस्त्यांत मात्र अनेक प्रांतांतून आलेली कुटुंबे भाड्याच्या एकेका खोलीत राहतात. आईवडील दोघेही पाळीवर गेले की मागे राहिलेल्या मुलाशी दिवसभर कोण बोलते, हा भाषेचाच प्रश्न आहे. परंतु तो विचारण्याची आपल्याला सवय नाही.

तान्ह्या मुलाची तयारी आपल्याला वाटते त्यापेक्षा कितीतरी आधी सुरू होते. जन्मल्यानंतर थोड्याच दिवसांत ते आईचा आवाज परक्या स्त्रीच्या आवाजाहून वेगळा ओळखते. १९८४ मध्ये जॅनेट वर्कर आणि रिचर्ड टीझ या संशोधकांनी कॅनडात एक प्रयोग प्रसिद्ध केला. आपण मराठीत आणि हिंदीत ‘त’ आणि ‘ट’ हे ध्वनी सहज वेगळे ओळखतो. इंग्रजी भाषिक प्रौढांना तो भेद ऐकूसुद्धा येणे कठीण जाते. पण इंग्रजी बोलणाऱ्या घरांतील सहा ते आठ महिन्यांच्या बालकांना तो ओळखता आला! वर्षाची होईपर्यंत मात्र त्यांची ती शक्ती बरीच ओसरली होती. म्हणजे मूल जगातील कोणत्याही भाषेसाठी कान उघडे ठेवून येते आणि भोवतालची माणसे जे बोलतात, त्यावरच हळूहळू कान स्थिर करते.

पुढे २००३ मध्ये पॅट्रिशिया कुल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेतील नऊ महिन्यांच्या मुलांना चिनी भाषा ऐकवली. काही मुलांसमोर चिनी बोलणारी व्यक्ती प्रत्यक्ष बसून गोष्टी सांगत असे, खेळत असे; काहींना तीच माणसे पडद्यावर दाखवली. प्रत्यक्ष सहवास लाभलेल्या मुलांना त्या भाषेतील ध्वनिभेद कळू लागले. पडद्यासमोर बसलेल्यांना त्याचा काहीही उपयोग झाला नाही. मूल रडले की हाती भ्रमणध्वनी देणाऱ्यांनी या प्रयोगाचा अवश्य विचार करावा. पडदा बोलतो खरा, पण मुलाने बोट दाखवले म्हणून तो थांबत नाही.

आई, आजी किंवा शेजारीण थांबते. बाळ ‘ब-ब’ करते, ती ‘काय रे, भूक लागली का?’ असे विचारते आणि मग क्षणभर गप्प राहते. त्या गप्प राहण्यात बाळाची पाळी येते. संभाषण म्हणजे काय, हे मूल शब्दांच्याही आधी शिकते ते असे. मम्म, भूभू, जोजो, हम्मा, भुर्र या शब्दांकडे पाहा. तेच अक्षर पुन्हा पुन्हा येते, ओठांनी सहज निघणारे ध्वनी अधिक असतात. ‘मुलांशी बोबडे बोलू नये, त्यांचे उच्चार बिघडतात’ असे काही सुशिक्षित मंडळी सांगतात. ते मला पटत नाही. भाषाशास्त्रज्ञ अशोक केळकर यांनी १९६४ मध्ये मराठीतील या बालबोलीवर स्वतंत्र निबंध लिहिला. त्याच वर्षी चार्ल्स फर्ग्युसन या अमेरिकन अभ्यासकाने सहा भाषांतील बालबोलींची तुलना केली. त्यांत अरबी, इंग्रजी, स्पॅनिश यांच्या पंगतीत मराठी होती. आपल्या आज्यांचे लाडे लाडे बोलणे असे जागतिक अभ्यासाचा विषय झाले.

येथे एका गैरसमजाचा समाचार घेणे आवश्यक आहे. १९९५ मध्ये बेटी हार्ट आणि टॉड रिस्ली यांनी अमेरिकेतील ४२ कुटुंबांच्या पाहणीवरून असा निष्कर्ष काढला, की चार वर्षांचे होईपर्यंत गरीब घरातील मुलाच्या कानांवर सुखवस्तू घरातील मुलापेक्षा ३ कोटी शब्द कमी पडतात. हा आकडा जगभर गाजला. त्या मोजणीत भावंडांचे, नातलगांचे, शेजाऱ्यांचे बोलणे नीट धरले गेले नव्हते, असा आक्षेप पुढे इतर संशोधकांनी घेतला. आपल्याकडील चाळ, वाडा, वस्ती आठवली की या आक्षेपाचे वजन लक्षात येते. शिवाय २०१८ मधील एका अमेरिकन अभ्यासात चार ते सहा वर्षांच्या मुलांच्या मेंदूचे परीक्षण केले गेले. त्यात किती शब्द कानांवर पडले यापेक्षा मोठ्या माणसांशी किती वेळा बोलण्याची देवाणघेवाण झाली, याला अधिक महत्त्व असल्याचे दिसले, आणि कुटुंबाच्या उत्पन्नाचा हिशेब धरूनही ते टिकले. शाळा अर्ध्यावर सुटलेली आई ‘मी काय शिकवणार’ असे म्हणते, तेव्हा ती स्वतःवर अन्याय करते. भाकरी थापताना ‘ही मोठी, ही छोटी, ही कुणाला देऊ या?’ असे विचारणारी आई भाषेचे काम पुरेपूर करीत असते.

कोणत्या भाषेत बोलावे? जी मनापासून येते त्या भाषेत. मानेसरसारख्या ठिकाणी एखादे मराठी कुटुंब शाळेच्या धास्तीने घरात तोकडी हिंदी किंवा त्याहून तोकडी इंग्रजी बोलू लागते. त्यामुळे मुलाला हिंदी लवकर येत नाही, कारण ती त्याला गल्लीतून येणारच असते. घरातले बोलणे मात्र ‘इकडे ये, खा, झोप’ एवढ्यावर येऊन थांबते. रुसवा, थट्टा, गोष्ट, शंका या सगळ्यांना आपली भाषा लागते. (प्रमाण हिंदीत नसलेला आपला ‘ळ’ हरियाणवी बोलीत आहे, ही गंमत तेथे राहणाऱ्या मराठी माणसांनी जरूर ऐकून पाहावी.)

तरीही सर्व जबाबदारी आईवर ढकलणे मला योग्य वाटत नाही. दहा तास उभे राहून परतलेल्या स्त्रीला ‘मुलाशी बोला’ असा उपदेश करणे सोपे आहे. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ पासून बोर्डी येथे आणि नंतर कोसबाडला काम करताना ही अडचण ओळखली होती. मुले बालवाडीत येत नाहीत, तर बालवाडीच आदिवासी पाड्यावरील अंगणात न्यावी, हा अंगणवाडीचा विचार तेथला. धाकट्या भावंडाला सांभाळावे लागते म्हणून थोरली मुलगी शाळेत येत नाही, हे दिसताच त्यांनी पाळणाघर, बालवाडी आणि शाळा एकत्र आणली. भावंडे सांभाळता सांभाळता ज्यांची स्वतःची शाळा सुटली, त्यांना या निर्णयाचे मोल निराळे सांगायला नको.

२०१७ मध्ये मातृत्व लाभ कायद्यात दुरुस्ती होऊन ५० किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांना पाळणाघराची सोय बंधनकारक झाली आणि आईला दिवसातून चार वेळा तेथे जाण्याची मुभा मिळाली. तरतूद चांगली आहे. घरकामगार आणि नाक्यावर उभ्या राहणाऱ्या मजूर स्त्रिया मात्र तिच्या बाहेरच राहिल्या. आणि जेथे पाळणाघर आहे, तेथेही बाळे कोरडी आहेत, निजली आहेत, रडत नाहीत, एवढेच पाहिले जाते. एका सेविकेवर वीस मुले सोपवली, तर ती त्यांना गप्पच करू शकेल. बोलते करू शकणार नाही. पाळणाघराची तपासणी करणाऱ्या अधिकाऱ्याने पाळणे मोजून झाल्यावर थोडा वेळ तेथे बसून राहावे आणि कोण कोणाशी बोलते आहे, ते ऐकावे.