परक्या द्रव्यानें राष्ट्र उभें राहतें काय ?

युद्धानें उद्ध्वस्त झालेल्या देशास धनाढ्य राष्ट्रांनीं मदत करावी कीं नाहीं, याविषयीं आतां फारसा वाद उरलेला नाहीं. वाद आहे तो ही मदत कोणाच्या हातीं, कोणत्या शर्तींवर आणि कोणाच्या हिशेबानें द्यावी, याविषयीं. अफगाणिस्तानच्या वीस वर्षांच्या अनुभवानें या वादावर लख्ख प्रकाश पाडला आहे. आणि त्या देशाशीं आपला व्यापारी संबंध पुरातन असल्यामुळें आमच्या वाचकांनीं त्याचा विचार करणें अगत्याचें आहे.

डिसेंबर 2001 मध्यें जर्मनींतील बॉन शहरीं नव्या अफगाण राज्यव्यवस्थेचा आराखडा ठरला. लगेच जानेवारी 2002 मध्यें टोकियो येथें राष्ट्रांची परिषद भरून सुमारें साडेचार अब्ज डॉलरांचीं वचनें देण्यांत आलीं. पुढें लंडन, पॅरिस, ब्रसेल्स अशा परिषदा भरतच राहिल्या. एकट्या अमेरिकेनें 2021 पर्यंत पुनर्रचनेच्या सदराखालीं सुमारें 145 अब्ज डॉलर मंजूर केले. पैकीं निम्म्याहून अधिक रक्कम फौज व पोलीस उभारण्याकडे गेली. इतकें होऊनही 15 ऑगस्ट 2021 रोजीं राष्ट्राध्यक्ष अश्रफ घनी देश सोडून निघून गेले आणि काबूल लढाईवांचून तालिबानच्या हातीं पडलें. असें कां व्हावें ?

आमच्या मतें मुख्य कारण हें कीं, हें द्रव्य बहुतांशीं अफगाण सरकारच्या खजिन्यांतून खर्च झालेंच नाहीं. देणाऱ्या राष्ट्रांनीं आपापले मक्तेदार नेमले, मक्तेदारांनीं पोटमक्तेदार नेमले, आणि पायरीपायरीवर रकमेस गळती लागली. अखेरच्या वर्षांत तेथील सार्वजनिक खर्चाचा शेंकडा 75 च्या सुमाराचा भाग परकीय अनुदानांतून भागत असे, असा जागतिक बँकेचा हिशेब आहे. ज्या पेढीचा तीन-चतुर्थांश खर्च दुसराच चालवितो, तिचा खरा धनी कोण, हें व्यापाऱ्यांस सांगावयास नको. जें सरकार रयतेच्या करावर चालत नाहीं, त्यास रयतेला हिशेब देण्याची गरज वाटत नाहीं. तें परक्यांच्या तोंडाकडे पाहूं लागतें. 2010 मध्यें काबूल बँक डबघाईस आली, तेव्हां सुमारें 90 कोटी डॉलर तिच्या वजनदार भागीदारांनीं व त्यांच्या गोतावळ्यानें लाटल्याचें उघडकीस आलें. हा त्याच रोगाचा फोड होय.

यावर कोणी मार्शल योजनेचा दाखला पुढें करील. 1948 ते 1952 या काळांत सुमारें 13 अब्ज डॉलरांच्या साह्यानें पश्चिम युरोप सावरला, हें खरें. परंतु तेथें कारखाने पडले होते तरी कारागीर, हिशेबनीस व न्यायाधीश शिल्लक होते. शिवाय मदत घेणाऱ्या राष्ट्रांस एकत्र बसून आपली योजना आपणच आंखावी लागली. आणि आलेल्या मालाची किंमत स्वदेशी चलनांत निराळ्या खात्यांत जमा करून ती पुनर्रचनेस लावण्याचा दंडक होता. पुढें 1953 च्या लंडन करारानें पश्चिम जर्मनीचें जुनें कर्ज जवळजवळ निम्म्यानें कमी करून उरलेल्याची फेड सुसह्य करण्यांत आली. सावकारानें कुळाचा नांगर जप्त न करतां त्याला पेरणी करूं दिली, म्हणून सावकाराचीही वसुली झाली.

यावरून परकीय साह्य निरर्थक, असा निष्कर्ष काढणें मात्र चुकीचें होईल. आपल्या देशानें बांधलेला झरंज ते देलाराम हा 218 किलोमीटरांचा रस्ता आणि 2016 मध्यें पुरें झालेलें हेरात प्रांतांतील सलमा धरण हीं सत्तांतर झालें म्हणून वाहून गेलीं नाहींत. परंतु परक्या पैशानें शाळेची इमारत उभी राहते. त्या शाळेंत मुलीनें जावें हा हक्क राखणारी सत्ता पैशानें विकत मिळत नाहीं. 2021 मध्यें तालिबाननें मुलींस माध्यमिक शाळांचीं दारें बंद केलीं व डिसेंबर 2022 मध्यें विद्यापीठांचींही. हा हक्क अफगाण समाजानें टाकून दिला नाहीं. तो बंदुकीच्या बळावर हिरावून घेण्यांत आला, हें विसरतां कामा नये.

आतां कर्तव्य काय ? 2021 मध्यें अमेरिकेनें अफगाण मध्यवर्ती बँकेचे सुमारें 7 अब्ज डॉलर अडकवून ठेविले. त्यांतील साडेतीन अब्ज 2022 मध्यें स्वित्झर्लंडमधील एका निधीकडे वर्ग झाले. राज्यकर्ता जुलमी निघाला म्हणून ठेवीचा मालकी हक्क बदलत नाहीं, हें कायद्याचें साधें तत्त्व आहे. तें द्रव्य अफगाण प्रजेचें आहे. तें तालिबानच्या तिजोरींत जाऊं नये, तसेंच दुसऱ्या कोणाच्या दाव्यांतही खर्ची पडूं नये. ऑक्टोबर 2025 मध्यें आपल्या सरकारनें काबूलांतील कार्यालयास पुन्हा वकिलातीचा दर्जा देण्याचें जाहीर केलें. शेजाऱ्याशीं व्यवहार ठेवणें शहाणपणाचें आहे, पण वकिलातीचा उपयोग केवळ सुक्या मेव्याचा भाव ठरविण्यापुरता नसावा. धान्य, औषधें व रस्ते अवश्य द्यावे. परंतु प्रत्येक रुपयाचा हिशेब दारी व पश्तू भाषांतून तेथील लोकांपुढें मांडावा, कामावर तेथलेच हात लावावे, आणि मुलींच्या शाळांचा प्रश्न प्रत्येक बोलणींत काढावा. उपकार करणाराचें नांव दगडावर कोरलें जाण्यापेक्षां उपकृताला आपला जमाखर्च आपण लिहितां येणें, हेंच पुनर्रचनेचें खरें माप होय.