क्रिप्टोचा लुटूपुटूचा बाजार: शिकायचंय तर स्वतः मांडा, कुणाच्या लिंकवर पैसे टाकू नका

‘क्रिप्टोत पैसे टाका, महिन्यात दुप्पट’ हा मेसेज आता शहरापुरता राहिलेला नाही. वाड्या-वस्त्यांवरच्या व्हॉट्सॲप आणि टेलिग्राम ग्रुपमध्येही तो फिरतोय. सोबत एक लिंक असते. लिंकवरून ॲप उतरवलं की पडद्यावर नफ्याचा हिरवा आकडा रोज वाढताना दिसतो. हा आकडा खरा की नुसता रंगवलेला, हे साध्या माणसानं ओळखायचं कसं?

एक उपाय आहे आणि तो फुकट आहे. असाच बाजार खोट्या पैशांचा, आपल्याच कॉम्प्युटरवर एकदा मांडून बघायचा. गावात कॉम्प्युटर शिकणारी दोन-चार पोरं असतील तर एका दिवसात हे काम होऊ शकतं. पडद्यावर नफा दाखवणं किती सोपं असतं, हे त्यातून स्वतःच्या डोळ्यांनी दिसतं.

खेळ उभा कसा राहतो?

अशा खेळात तीनच गोष्टी लागतात. पहिली, बाजारातला ताजा भाव. बिटकॉइनसारख्या नाण्यांचे भाव अनेक एक्स्चेंज सगळ्यांसाठी खुले ठेवतात. ते घ्यायला खातं किंवा पासवर्ड लागत नाही. दुसरी, हिशेबाची वही, म्हणजे कुणाकडे किती खोटे पैसे आणि किती नाणी आहेत याची नोंद. तिसरी, ‘घ्या’ आणि ‘विका’ ही बटणं. बटण दाबलं की त्या क्षणाच्या भावानं वहीत नोंद होते. खऱ्या बाजारात काहीही घडत नाही.

हे सगळं शून्यापासून लिहायची गरज नाही. ‘फ्रेकट्रेड’ नावाचा प्रोग्राम गिटहबवर मोफत मिळतो. तो मुक्त स्रोत, म्हणजे ओपन सोर्स आहे. त्याचा कोड कुणीही वाचू शकतो, बदलू शकतो. पायथॉन भाषेत लिहिलेला हा प्रोग्राम आपण दिलेल्या नियमानुसार खरेदी-विक्री करतो. मोठा सर्व्हर लागत नाही, २ जीबी रॅमच्या मशीनवरही तो चालतो. कॉम्प्युटरवर ‘डॉकर’ टाकलं की मांडणी बरीच सोपी होते.

सुरुवातीला प्रोग्राम काही प्रश्न विचारतो. त्यातला महत्त्वाचा प्रश्न ‘ड्राय रन’चा. त्याला ‘हो’ म्हटलं की सगळे सौदे लुटूपुटूचे होतात. पाकिटात आधीपासून १,००० खोटी युनिट भरलेली असतात, तो आकडा बदलताही येतो. मग खरेदी-विक्रीचा नियम एका फाइलमध्ये लिहायचा आणि ब्राउझरमध्ये हिशेब बघायचा. प्रोग्राम बनवणाऱ्यांनीही, तो शिकण्यासाठी आहे आणि सुरुवात ड्राय रननंच करा, असं स्पष्ट लिहून ठेवलंय.

यात एकच पथ्य कडक पाळायचं. एक्स्चेंजची ‘एपीआय की’, म्हणजे खात्याची किल्ली, कुठंही टाकायची नाही. खोट्या खेळाला तिची गरजच नसते.

कापाकापी धरली नाही तर खेळही खोटं बोलतो

बाजार समितीत माल नेणाऱ्याला हे सांगायला नको. फळ्यावरचा भाव वेगळा आणि हातात पडणारी पट्टी वेगळी. हमाली, तोलाई, गाडीभाडं जाऊन उरतं ते आपलं. क्रिप्टोचंही तसंच आहे.

भारतात १ एप्रिल २०२२ पासून क्रिप्टोच्या नफ्यावर ३० टक्के कर आहे, त्यावर ४ टक्के उपकर वेगळा. १ जुलै २०२२ पासून ठरावीक मर्यादेच्या वर विक्रीच्या रकमेतून १ टक्का टीडीएस कापला जातो. खरी मेख पुढं आहे. एका सौद्यातला तोटा दुसऱ्या सौद्यातल्या नफ्यातून वजा करता येत नाही.

समजा, एका नाण्यात २,००० रुपये कमावले आणि दुसऱ्यात २,००० घालवले. घरचा हिशेब शून्य. तरीही सरकारला ६२४ रुपये कर द्यावाच लागतो. टीडीएसचंही बघा. १०,००० रुपयांचं भांडवल वर्षात वीसदा फिरवलं तर विक्री होते २ लाखांची. एवढ्या विक्रीवर टीडीएस लागू झाला तर २,००० रुपये अडकतात. विवरणपत्र भरताना ते वळते होतात, पण तोवर भांडवलाचा पाचवा हिस्सा हातात नसतो. एक्स्चेंजची फी वेगळीच.

म्हणून खेळ मांडताना हे नियम वहीत घालायलाच हवेत. ते घातले की दिवसातून दहा वेळा घेणारा-विकणारा खेळाडू मागं पडताना दिसतो. शेअर बाजारातला अनुभवही हेच सांगतो. सेबीच्या सप्टेंबर २०२४ च्या अभ्यासानुसार, तीन आर्थिक वर्षांत फ्युचर्स-ऑप्शन्समध्ये उतरलेल्या वैयक्तिक गुंतवणूकदारांपैकी ९३ टक्के लोक तोट्यात गेले. एकूण तोटा १.८ लाख कोटींच्या वर होता.

भामट्याचं ॲप म्हणजेही खेळच

स्वतः खेळ मांडला की एक गोष्ट पक्की कळते. वहीतला आकडा बदलायला दोन सेकंदही लागत नाहीत. पाकिटात १,००० च्या जागी १० लाख लिहिले की पडद्यावर १० लाख दिसतात. भामटे हेच करतात. त्यांच्या ॲपमधला बाजारही लुटूपुटूचाच असतो, फक्त तुम्ही भरलेले पैसे तेवढे खरे असतात.

सुरुवातीला ५००-१,००० रुपये काढू देतात, म्हणजे भरवसा बसतो. मोठी रक्कम अडकली की ‘आधी टॅक्स भरा, मग पैसे सुटतील’ असं सांगतात. खरा कर असा कुणाच्या खात्यात भरायचा नसतो. ॲप सुरू राहतं, आकडा वाढत राहतो, पैसे मात्र येत नाहीत.

महाराष्ट्राला हे नवं नाही. गेनबिटकॉइन प्रकरणात दरमहा १० टक्के परताव्याचं आमिष दाखवलं गेलं. पुण्यासह अनेक ठिकाणी गुन्हे दाखल झाले. ईडीच्या म्हणण्यानुसार हा आकडा सुमारे ६,६०० कोटींचा आहे. फेब्रुवारी २०२५ मध्ये सीबीआयनं देशभर छापे टाकले.

कायदा काय म्हणतो?

खोट्या पैशांचा खेळ शिकण्यासाठी मांडायला आडकाठी नाही. पण प्रवेश फी घेऊन जिंकणाऱ्याला पैसे वाटले, तर तो ऑगस्ट २०२५ मध्ये आलेल्या ऑनलाइन गेमिंग कायद्याच्या कचाट्यात सापडू शकतो. शेअरच्या भावावर असा खेळ मांडायलाही मर्यादा आहेत. मे २०२४ मध्ये सेबीनं ताजे भाव अशा खेळांना देण्यावर बंधनं घातली. तेव्हा मित्रमंडळींत खेळा, पण पैजा लावू नका.

फरक ओळखायचा कसा?

शिकण्याचा खेळ आधार, पॅन, बँक खातं मागत नाही. त्यात पैसे भरायची सोयच नसते. त्याचा कोड उघडा असतो आणि कुणालाही ‘आणखी दोघांना जोडा’ असं तो सांगत नाही. यातलं एक जरी बसत नसेल, तर ॲप काढून टाकलेलं बरं. पैसे गेलेच असतील तर लाजेनं गप्प न बसता लगेच १९३० या हेल्पलाइनवर फोन करा. तक्रार जितकी लवकर, तितकी रक्कम गोठवण्याची शक्यता जास्त.

एक मर्यादा मात्र ध्यानात ठेवायला हवी. खोटे पैसे बुडाले तर झोप उडत नाही. खऱ्या बाजारात पीककर्जाचा हप्ता किंवा पोरीची फी पणाला लागलेली असते. भाव पडताना तेव्हा हात थरथरतात आणि ठरवलेले नियम विसरले जातात. त्यामुळे खेळात सहा महिने जिंकलेला माणूस बाजारात जिंकेलच, असं नाही. पण कर, फी आणि टीडीएस धरूनही जो खेळातच हरतोय, त्यानं घरचे पैसे बाजारात नेऊ नयेत, एवढा निकाल हा खेळ फुकटात देतो.