जाकीट एक, प्रसंग अनेक

लग्नसराई आली की वस्तीतल्या शिंप्याकडे नवरदेवाच्या सुटाची चौकशी सुरू होते. कापड, अस्तर आणि शिलाई मिळून आकडा ऐकला की बाप गप्प बसतो. मग कोणी उसनवारी करतो, कोणी एका दिवसापुरता भाड्याचा कोट आणतो. तो कोट खांद्यात ओघळलेला, बाह्या बोटांपर्यंत आलेल्या, आणि तोच फोटो मग जन्मभर भिंतीवर! म्हणून या वेळी सुटाऐवजी जाकिटाविषयी लिहीत आहे. पाऊण ते एक मीटर कापडात होणारा हा कपडा नीट शिवला तर लग्नानंतरही पाच-सात वर्षे उपयोगी पडतो.

‘साधे राहा, कपड्यांत काय आहे?’ असे आपल्याला पुष्कळ जण सांगतात. कपड्यांत काय आहे हे आपल्याइतके कोणाला ठाऊक असणार? डिसेंबर १९२७ मध्ये महाडच्या परिषदेच्या वेळी बाबासाहेब मुद्दाम आपल्या आयाबहिणींशी बोलले. जात ओळखू यावी अशी लुगडे नेसण्याची रीत आणि कथलाचे दागिने टाकून द्या, कपडे स्वच्छ ठेवा, असे त्यांनी सांगितले. पुढल्या डिसेंबरात त्याला किती वर्षे झाली ते मोजा, आणि मग २०२३ सालची गोष्ट वाचा. गुजरातच्या बनासकांठा जिल्ह्यात एका दलित तरुणाला चांगले कपडे आणि गॉगल घातला म्हणून मारहाण झाली, पोलिसांत तक्रार नोंदवावी लागली. तेव्हा आपल्या पोराने अंगाला नेटके बसणारे जाकीट घालणे याला मी चैन म्हणणार नाही. कर्ज काढून घालणे याला मात्र म्हणेन.

गंमत अशी की हा कपडा जन्मला तोच काटकसरीच्या नावाने. इंग्लंडच्या दुसऱ्या चार्ल्स राजाने ऑक्टोबर १६६६ मध्ये, लंडनच्या मोठ्या आगीनंतर महिनाभराने, दरबारात ही नवी पद्धत जाहीर केली. सरदारांना काटकसर शिकवणे हा तिचा हेतू, असे त्या काळच्या सॅम्युएल पेपिसने आपल्या रोजनिशीत नोंदवले आहे.

आता कामाचे बोलू. जाकीट दोन प्रकारचे. इंग्रजी वेस्टकोटाला पुढे सुटाचे कापड, गळा खोल, आणि पाठ नुसत्या सॅटिनच्या अस्तराची. मागे कमरेला आवळायची पट्टी. दुसरे बंद गळ्याचे, ज्याला नेहरू जाकीट म्हणतात. उभी कॉलर आणि पाठही त्याच कापडाची. सॅटिनची पाठ असते ती कोटाखाली झाकली जाण्यासाठी. कोटाशिवाय तसला वेस्टकोट घातला की मागून हॉटेलातल्या वाढप्याचा गणवेश दिसतो. वाढप्याच्या कामात कमीपणा मुळीच नाही, आपली कितीतरी मुले ते काम करून शिकली. पण स्वतःच्या मंगल परिणयात पाहुण्याने आपल्याकडे पाणी मागू नये, एवढेच! ज्याला एकच जाकीट परवडते त्याने इंग्रजी गळा घेतला तरी पाठ त्याच कापडाची शिवून घ्यावी.

रंग गडद निळा किंवा राखाडी घ्यावा. जरीचे, मखमलीचे, लाल-सोनेरी जाकीट एका दिवसाचे धनी. दुसऱ्या वेळी घालायची लाज वाटते. आपल्याकडे वधूवर पांढऱ्या वस्त्रांत विवाहाला उभे राहतात. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात दीक्षा घेताना बाबासाहेबही पांढऱ्या पोशाखातच होते. पांढरा झब्बा-पायजमा आणि वर गडद निळे बंद गळ्याचे जाकीट, यापेक्षा शोभणारा नवरदेवाचा पोशाख मला तरी सुचत नाही. तेच जाकीट पुढे विहारात, नामकरणाला, पदवीदानाला चालते.

माप देताना अंगात तोच शर्ट आणि तीच पँट घालून जा. जाकिटाची लांबी पँटच्या पट्ट्याखाली गेली पाहिजे. जाकीट आणि पँट यांच्यामध्ये शर्टाची पांढरी पट्टी दिसली की सगळा डौल गेला. त्यात दोष बहुधा शिंप्याचा नसतो, पोरे पँट कमरेखाली घालतात त्याचा असतो. मुंढा अंगाबरोबर हवा, पण काखेत काचता कामा नये. बटण लावल्यावर त्याभोवती फुलीसारख्या चुण्या पडल्या तर जाकीट तंग आहे. छातीवर कापड फुगून उभे राहिले तर सैल आहे. कच्च्या शिलाईवर एकदा घालून पाहा, आणि नुसते उभे राहून नाही, खुर्चीवर बसून पाहा. बाजूच्या शिवणीत इंच-दीड इंच कापड आत राखायला सांगा. लग्नानंतर दोन वर्षांत त्याचा उपयोग होतोच!

इंग्रजी वेस्टकोटाचे सर्वांत खालचे बटण लावत नाहीत, आणि खालचा भाग त्या बेतानेच कापलेला असतो. बंद गळ्याचे जाकीट मात्र समारंभात पूर्ण लावावे. टाय बांधलीत तर तिचे टोक जाकिटाखालून बाहेर लोंबू देऊ नका. पट्ट्याचे जाड बक्कल पोटावर टेंगूळ आणते, त्या दिवशी बारीक पट्टा वापरा.

रोजच्या वापराला, मित्रांबरोबर जायला, खादीचे किंवा जाड सुती जाकीट जीन्सवर छान दिसते. शर्टाच्या बाह्या दुमडा, बटणे उघडी ठेवा. टी-शर्टावर घालायचे असेल तर टी-शर्ट बिनछापाचा हवा. चौकड्याचा शर्ट आणि चौकड्याचे जाकीट एकत्र नको, दोन्हींपैकी एक साधे असू द्या. मुलाखतीला निघालेल्या मुलाने पांढरा किंवा फिकट निळा शर्ट, गडद पँट आणि त्याच रंगछटेचे जाकीट घालावे. खिशाला चमकणारे काही लावू नये.

मे महिन्यातली लग्ने आणि १४ एप्रिलची मिरवणूक आठवून अस्तर निवडा. पॉलिस्टरचे अस्तर नागपूर-मराठवाड्याच्या उन्हात पाठीला चिकटते. सुती अस्तर सांगा, किंवा पाठीला अर्धेच लावा. मिरवणुकीत दिवसभर नाचायचे असेल तर जाकीट घरीच ठेवा, संध्याकाळच्या सभेला घाला.

वडिलांचा जुना कोट घरी असेल तर त्याचेही जाकीट होते. पण बाह्या उसवल्या आणि झाले, असे नसते. कोटाचा मुंढा मोठा असतो, खांदाही रुंद. दोन्ही पुन्हा कापावे लागतात. कापड कुठे विरले आहे का, हे कोट उजेडात धरून आधी पाहावे, नाहीतर शिलाई वाया जाते.

वापरल्यावर जाकीट लगेच कपाटात कोंबू नका, रात्रभर हँगरवर वाऱ्याला लावा. आत कॅनव्हास असेल तर पाण्यात बुडवू नका, पिळू तर नकाच. ओल्या फडक्याने डाग पुसून वर सुती कापड ठेवून इस्त्री करा. आणि शिंप्याकडून निघताना दोन जादा बटणे आणि त्याच रंगाचा हातभर दोरा मागून घ्या. ते कागदाच्या पुडीत बांधून जाकिटाच्या आतल्या खिशातच ठेवा.