गोठ्यातली गाठ



पावसाळा तोंडावर आला की आपण छप्पर शाकारतो, वैरण झाकतो. दाव्याच्या गाठीकडे मात्र कोणी पाहत नाही. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री पुण्यात आंबील ओढ्याला पूर आला. त्यात माणसे गेली, तशी बांधलेली जनावरेही दगावली. मोकळे जनावर पोहून जीव वाचवू शकते. निरगाठीने बांधलेले जनावर जाणार कोठे? काथ्याचा किंवा अंबाडीचा दोर भिजला की फुगतो, त्यातच जनावर हिसके देते, आणि अंधारात ती गाठ दातांनीही सुटत नाही.

म्हणून खुंट्याला सुरगाठच मारा. दावे खुंट्याभोवती एक पूर्ण वेढा देऊन आणा. मोकळे टोक ताणलेल्या दाव्यावरून पलीकडे न्या आणि साधी गाठ मारा. पण टोक आरपार ओढून काढू नका. ते दुमडून त्याचा फासा तेवढा गाठीतून बाहेर काढा आणि आवळा. टोक हातभर लोंबते राहू द्या. जनावराने कितीही ओढले तरी गाठ आवळतच जाते. आपण टोकाला हिसका दिला की सुटते. एखादी खोडकर गाय तोंडाने टोक ओढते. तिच्यासाठी टोक त्याच फाशातून ओवून ठेवा. मात्र पुराची भीती असेल त्या रात्री ते काढून ठेवावे. घरातल्या मुलांना आणि बायामाणसांना ही गाठ डोळे मिटून सोडता आली पाहिजे. गोठ्याच्या दाराशी एक विळाही टांगलेला असावा.

गळ्यातली गाठ याच्या अगदी उलट. तेथे सरकफास कधीही नको. जनावर घसरून पडले तर स्वतःच्या वजनाने गळफास बसतो. दाव्याला एक लहान डोळा करा, मोकळ्या टोकाची बाजू लांब दाव्याच्या वर राहील असा. टोक गळ्याभोवती फिरवून आणा, डोळ्यातून खालून वर काढा, लांब दाव्याच्या मागून वळवून परत त्याच डोळ्यात खाली घाला आणि ओढा. हा फासा लहान-मोठा होत नाही. गळा आणि दावे यांत पालथा हात सहज गेला पाहिजे. वासराच्या गळ्यातले दावे दर महिन्याला तपासा. वासरू वाढते, दावे वाढत नाही. कातडीत रुतून जखम होते, आळ्या पडतात, तोवर केसांखाली काही दिसत नाही. हे मी चांगल्या, कष्टाळू घरांच्या गोठ्यांतही पाहिले आहे.

आता नायलॉन घरोघर आले. ते भिजून फुगत नाही, कुजत नाही. पण गुळगुळीत असल्याने गाठ सरकते. एक वेढा जास्त द्या, टोक लांब ठेवा. दोर तुटला की दोन तुकडे जोडायची आपल्याला सवय आहे. कडब्याच्या पेंढीला ते चालेल. गाठीपाशी दोराची ताकद निम्म्यापर्यंत कमी होऊ शकते, म्हणून विहिरीत माणूस उतरवायला जोडलेला दोर चुकूनही वापरू नका. नवा, सलग दोर आणा.

गाडीवर उसाची मोळी किंवा कडबा आवळायची गाठ पुढच्या अंकात पाहू.