सोळाव्या दिवसानंतरचा स्मृतिभ्रंश

उत्पन्नाची अट न घालता ७० वर्षे व त्यावरील सर्व नागरिकांना ‘आयुष्मान भारत’चे ५ लाख रुपयांचे कवच देण्याची योजना केंद्र सरकारने ऑक्टोबर २०२४ मध्ये सुरू केली. निर्णय स्वागतार्हच, परंतु हे कवच रुग्णालयात दाखल झाल्यावरच्या उपचारांचे आहे. त्यात दाखल होण्यापूर्वीचे ३ आणि घरी परतल्यानंतरचे १५ दिवस धरले जातात. सोळाव्या दिवसापासून कुटुंब एकटे पडते.

स्मृतिभ्रंशाची खरी झीज तेथूनच सुरू होते. या रुग्णाला शस्त्रक्रियेपेक्षा जेवू घालणारे, आंघोळ घालणारे, रात्री घराबाहेर जाऊ न देणारे माणूस लागते, तेही वर्षानुवर्षे. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय पाहणीवर आधारित अंदाजानुसार देशातील साठीपुढील ७.४ टक्के, म्हणजे सुमारे ८८ लाख व्यक्तींना स्मृतिभ्रंश आहे. २०३६ पर्यंत ही संख्या १ कोटी ६९ लाखांवर जाईल, असे हाच अंदाज सांगतो.

त्यांच्यासाठी सरकारी मदत अगदीच नाही, असे नाही. ती विखुरलेली आहे. वृद्धापकाळ निवृत्तिवेतनात केंद्राचा वाटा ८० वर्षांपर्यंत दरमहा २०० आणि त्यानंतर ५०० रुपये, तोही केवळ दारिद्र्यरेषेखालील वृद्धांसाठी. सामाजिक न्याय मंत्रालय स्मृतिभ्रंशग्रस्तांच्या निवासी केंद्रांना अनुदान देते. पण ते संस्थेला मिळते, रुग्णाला नव्हे. प्राप्तिकरातील उपचारखर्चाची वजावट करदात्यापुरती, तीही जुनी करप्रणाली निवडणाऱ्यालाच. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याच्या २१ प्रकारांत स्मृतिभ्रंशाचे स्वतंत्र नाव नाही. प्रमाणपत्रासाठी बहुधा मानसिक आजाराच्या निकषांचा आधार घ्यावा लागतो.

अशा वेळी दारिद्र्यरेषेच्या वर, पण खासगी देखभाल केंद्राचे मासिक शुल्क न परवडणारा मोठा वर्ग कोठेच बसत नाही. २००७ च्या पालक व ज्येष्ठ नागरिक कायद्याने मुलांवर दरमहा १० हजारांपर्यंत निर्वाहखर्चाची जबाबदारी टाकली. प्रत्येक जिल्ह्यात निराधारांसाठी वृद्धाश्रम उभारण्याचे काम मात्र राज्यांच्या मर्जीवर सोडले. म्हणजे कर्तव्य कुटुंबाचे आणि ऐच्छिकता शासनाची.

केरळची ‘आश्वासकिरणम्’ योजना अंथरुणाला खिळलेल्या रुग्णांची काळजी घेणाऱ्यांना दरमहा ६०० रुपये देते. रक्कम तुटपुंजी आहे. तत्त्व मोलाचे आहे. काळजी घेणे हेही श्रम आहेत, हे त्यात मान्य केले आहे. जर्मनीने १९९५ मध्ये आणि जपानने २००० मध्ये सुरू केलेल्या दीर्घकालीन देखभाल विम्यात रुग्ण इतरांवर किती अवलंबून आहे, हे पाहून मदत ठरते.

भारताला तेवढा खर्च आज झेपणार नाही, हे खरे. तरीही अवलंबित्वाच्या श्रेणीनुसार, घरी वा नोंदणीकृत केंद्रात वापरता येईल असा देखभाल भत्ता गरजूंपासून सुरू करता येईल. त्यासोबत केंद्रांना किमान मानके आणि तपासणी हवी, कारण या रहिवाशाला आपल्यावरील अन्याय आठवून सांगता येईलच असे नाही. ज्याची तक्रारही विस्मरणात जाते, त्याच्या वतीने जागे राहणे हे शासनाचेच काम आहे.